रांगोळी असेल तर बेल वाजवू नये

श्रीधररावांना सिग्नल चटकन कळत, माणसं जरा उशिरानं कळत. हे मत त्यांच्या पत्नीचं, कस्तुरीबाईंचं होतं आणि त्या ते पाहुण्यांसमोर हसत हसत बोलून दाखवीत. श्रीधररावांना त्याचा राग येत नसे. रेल्वेत सिग्नल इन्स्पेक्टर म्हणून अख्खी नोकरी काढलेला माणूस तो. लाल म्हणजे थांबायचं, हिरवा म्हणजे जायचं. का थांबायचं हे ड्रायव्हरनं विचारायचं नसतं, कारण विचारत बसणारा पुढच्या गाडीवर जाऊन आदळतो. एवढं सोपं तत्त्व जगाला का पटत नाही, याचंच त्यांना नवल वाटे.

कस्तुरीबाई गेल्या, मुलगी मैत्रेयी लग्न होऊन नागपूरला गेली आणि मल्लेश्वरमच्या त्या गल्लीतल्या घरात श्रीधरराव एकटे राहिले. घड्याळाबरहुकूम उठत, घड्याळाबरहुकूम जेवत. तब्येत ठणठणीत होती. फक्त दिवसभरात तोंड उघडायचे प्रसंग फार थोडे येत, आणि संध्याकाळी कधी भाजीवाल्याशी बोलायला गेले तर आवाज घशातून घासून बाहेर पडे.

अशात गल्लीच्या मारुतीच्या देवळात पोलिसांनी सभा बोलावली. वाणी नावाची तरुण उपनिरीक्षक आली होती. तिनं मायक्रोफोन बाजूला सारला आणि कन्नडमध्ये सरळ बोलायला लागली. इस्पितळांतून जबर फ्लूची बोलणी कानावर येताहेत, अजून साथ आलेली नाही, आणि आलेली नाही म्हणूनच मी आज आले आहे, असं ती म्हणाली. कोरोनाच्या वेळी ती दुसऱ्या एका ठाण्यात होती. तिथले निम्मे पोलीस स्वतःच आजारी पडले आणि उरलेले बॅरिकेडवर उभे राहिले. दारामागं एकटी माणसं कशी आहेत हे बघायला कुणी शिल्लकच नव्हतं. एका म्हाताऱ्या मास्तरांची बातमी तर ठाण्याला वासावरून कळली. हे सांगताना तिनं कुणाकडेच पाहिलं नाही.

या वेळी तसं होऊ द्यायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. एकटं कोण राहतं, त्यांचं जवळचं माणूस कोण, औषध कोण आणून देणार, हे आताच ठरवायचं. प्रत्येक गल्लीत एका माणसानं रोज सकाळी फेरी मारायची. अडचण एकच होती. घरोघर जाऊन विचारपूस करणारा माणूसच फ्लू घरोघर वाटत फिरेल. फोन करावा तर म्हातारी माणसं अंगात ताप घेऊनही सगळं छान आहे म्हणतात. बाहेरूनच कळेल अशी काही खूण हवी होती.

श्रीधरराव उठून उभे राहिले. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तो प्रश्न अखेर कुणीतरी विचारला होता.

"रांगोळी," ते म्हणाले.

मग त्यांनी समजावून सांगितलं. या गल्लीत जिथं म्हणून बाई राहते तिथं सकाळी सडा पडतो आणि रांगोळी निघते. रांगोळी दिसली म्हणजे त्या बाईनं बादली उचलली, ती वाकली, उकिडवी बसली आणि पुन्हा उठून उभी राहिली. एवढं सगळं कुठला थर्मामीटर सांगतो? दारात रांगोळी असेल तर बेल वाजवू नये. नसेल तरीही वाजवू नये, दूर उभं राहून ठाण्याला फोन करावा, म्हणजे तयारीची माणसं येतील. फेरी मारायला ते स्वतः तयार होते.

वाणीला कल्पना एकदम पटली. बायका आपसांत कुजबुजल्या आणि हसल्या. मागून कुणीतरी विचारलं, श्रीधररावांच्या दारात रांगोळी कोण काढणार? त्यावर ते म्हणाले, बघणाराच मी, मला कोण बघायला हवंय? सगळे पुन्हा हसले. श्रीधरराव त्या दिवशी घरी आले ते बढती मिळाल्यासारखे.

हसली नाही ती एक हेमावती. गल्लीच्या त्या टोकाला, मोठ्या कडुनिंबासमोर तिचं घर. श्रीधररावांहून ती वयानं लहान, तरी ते तिला अक्का म्हणत आणि ती त्यांना अण्णा. तिच्या नवऱ्याचं संपिगे रोडवर भांड्यांचं दुकान होतं. तो वारला, दुकान विकलं गेलं, मुलगा सुनीलकुमार नोकरी आणि बायको दोन्ही घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला, व्हाइटफील्डला नवव्या मजल्यावर राहायला गेला. कस्तुरीबाई आणि हेमावती जिवाभावाच्या मैत्रिणी. कस्तुरीबाई गेल्यावर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी श्रीधरराव फिरून परत येत होते, तर हेमावतीनं फाटकातूनच हाक मारली, कॉफी पिऊन जा म्हणाली. तिला पक्कं ठाऊक होतं की या माणसाला फिल्टर कॉफीचं डिकॉक्शन करता येत नाही.

तेव्हापासून रोजचं झालं. घराबाहेरच्या कट्ट्यावर, अख्ख्या गल्लीला दिसेल असं बसायचं. ती उंबऱ्याशी, हे पायरीवर. कुणाला बोलायला जागा नको. बोलणं तरी काय असायचं? महागलेले नारळ, देवळातला नवा पुजारी, कुणाच्या नातवाचं लग्न. पण ते बोलणं त्यांच्या भाषेत असायचं. कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडं आलेल्या लोकांची ती मराठी. तिच्यात 'थोडं'साठी 'स्वल्प' आणि 'बरं'साठी 'सरी' हे कन्नड शब्द इतके मुरलेले की वेगळे काढता येऊ नयेत. पुण्याहून नोकरीला आलेली मुलं ती ऐकून हसत. नागपूरची नातवंडं फोनवर हसत. सुनीलकुमार आईशी बोलतानाही इंग्रजीत शिरे. हेमावतीच्या कट्ट्यावर मात्र कुणी हसत नसे. कॉफी संपायला लागली की श्रीधरराव शेवटचा घोट लोट्यात ठेवून देत, म्हणजे उठायला नको.

सुनीलकुमार आईला व्हाइटफील्डला चल म्हणून किती दिवस मागं लागला होता. माझं इथं सगळं आहे, सगळी माणसं बघतात, असं म्हणून ती टाळत आली होती. शेवटी त्यानं एक अट घातली होती. इथं राहा, पण तुझ्याबद्दल कुणाचा एक जरी फोन आला, शेजाऱ्याचा, डॉक्टरचा, पोलिसाचा, तर त्याच दिवशी तुला घेऊन जाईन. आणि आता वाणीला मुलाचा नंबर सांगणं भाग होतं. सभेनंतर तिनं तो सांगितला. कट्ट्यावर बसल्यावर ती श्रीधररावांना म्हणाली की आता माझं घर तुमच्या हातात आहे. श्रीधररावांनी तिला धीर दिला. रोज रांगोळी काढ, म्हणजे फोनचा प्रश्नच येत नाही, म्हणाले.

ऑगस्टच्या भुरभुर पावसात, गार वाऱ्यात फ्लू आला. आधी शाळेतली मुलं खोकू लागली, मग घरंच्या घरं. औषधांच्या दुकानापुढं माणसं अंतर ठेवून उभी राहायला लागली. ठाण्यात तक्रारी खिडकीतून घेऊ लागले, पोलिसांच्या पाळ्या बदलल्या, आणि या वेळी खरंच कशाची धावपळ झाली नाही. श्रीधरराव मास्क लावून, छत्री घेऊन सकाळी निघत. पावसानं रांगोळी पुसू नये म्हणून बायका ती आता फाटकाच्या आत, पत्र्याखाली काढायला लागल्या होत्या. ते फाटकातून वाकून पाहत आणि पुढं जात.

एका सकाळी कोपऱ्यावरच्या पद्मावतीबाईंच्या दारात काहीच नव्हतं. श्रीधररावांनी फोन केला. पांढऱ्या अंगरख्यातली माणसं आली, बाई स्वयंपाकघरात तापानं गळून बसलेली सापडली. वेळेवर इस्पितळात नेलं म्हणून वाचली, असं डॉक्टर म्हणाले. ही बातमी देवळापर्यंत, देवळातून पुढच्या गल्ल्यांपर्यंत गेली. आजूबाजूच्या गल्ल्यांनीही रांगोळीचा नियम उचलला. वाणीनं फोन करून श्रीधररावांचे आभार मानले. इतकी शाबासकी त्यांना नोकरीतही मिळाली नव्हती.

पण आता दारं उघडेनात. उघडायची गरजच उरली नव्हती. रांगोळी सगळं सांगत होती. पूर्वी फिरताना कुणी फाटकात भेटे, कुणी हाक मारी, गुडघ्याचं दुखणं किंवा सुनेचं गाऱ्हाणं ऐकवी. आता ओल्या गल्लीत बंद दारांपुढं पांढरी चित्रं होती आणि त्यांच्यामधून जाणारा एक छत्रीवाला होता. व्यवस्था अगदी चोख चालली होती.

हेमावतीची कॉफी तर श्रीधररावांनी स्वतःच बंद केली. फेरी मारणारानं कुणाकडे बसायचं नाही, हे उघडच होतं. पहिले काही दिवस ती खिडकीत येई. काहीतरी बोलायला लागे, की हे मास्कवर बोट ठेवून मान हलवीत आणि पुढं सरकत. आपण किती कसोशीनं नियम पाळतो हे तिलाही दिसावं, असं त्यांना आतून वाटत होतं, हे कबूल करायला हवं. मग ती नुसताच हात हलवू लागली. मग खिडकीत यायचीही थांबली. फोनवर दोघांनाही बोलता येत नसे. बरं आहे? बरं आहे. जेवण? झालं. एवढ्यावर दोघंही अडून बसत आणि कुणीतरी फोन ठेवी.

घरी श्रीधरराव पावडरची कॉफी करून उभ्यानंच पीत. पूर्वी एकटेपणा होता, पण त्याला सकाळची एक फट होती. आता तीही बुजली, आणि ती आपणच बुजवली हे त्यांच्या ध्यानात यायला लागलं होतं. एके दिवशी हेमावतीच्या फाटकाशी वाकून ते तिची रांगोळी बघत राहिले. ठिपके सरळ रांगेत, रेषा कुठं तुटली नव्हती. बाई ठणठणीत आहे, असं ती रांगोळी ओरडून सांगत होती. आणि त्यांच्या मनात आलं, आज ही रांगोळी नसती तर बरं झालं असतं, दार तरी उघडलं असतं. दुसऱ्या क्षणी त्यांना स्वतःची अशी लाज वाटली की ते छत्री न उघडताच चालू लागले.

त्यानंतर काही दिवसांनी खरंच ती नव्हती.

सडासुद्धा पडला नव्हता. फरशी कोरडी, करडी. श्रीधररावांनी फाटकातून वाकून पुन्हा पाहिलं. हेमावतीच्या दारात रांगोळी नाही, असं त्यांनी एकदाच पाहिलं होतं, तिचा नवरा गेला तेव्हा. त्यांच्या लोकांत घरात मृत्यू झाला की दार असं रांगोळीवाचून मोकळं ठेवतात. सुतक संपेपर्यंत त्या घराला रांगोळी नाही. दुखणं असो, पाऊस असो, उठता येत असेल तर बाई दोन रेषा ओढतेच. दार मोकळं ठेवणं म्हणजे अशुभाला आपल्या हातानं बोलावणं.

फाटकाच्या खांबावर बेलचं बटण होतं. त्यांचा हात वर गेला. तो तिथं का थांबला, याचा विचार पुढं त्यांनी पुष्कळ केला. एक तर नियम. दुसरं म्हणजे आदल्या संध्याकाळपासून त्यांचा घसा खवखवत होता. मिठाच्या पाण्यानं गुळण्या केल्या होत्या, तरी गिळताना टोचत होतं. आपल्याला फ्लू असेल आणि अक्का आत तापानं पडली असेल, तिनं कसंबसं उठून दार उघडलं, तर आपण तिच्या दारात काय घेऊन जाणार? आणि तिसरं हे की एक फोन गेला तर सुनीलकुमार येणार, हे त्यांना ठाऊक होतं. तेही त्यांनी मनात तोललं. घर गेलं तरी चालेल, पण माणूस राहिलं पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. त्यांनी ते प्रेमानंच ठरवलं. ते मागं सरले, कडुनिंबाखाली जाऊन उभे राहिले आणि त्यांनी ठाण्याला फोन लावला.

जीप आली. वाणी स्वतः आली होती, बरोबर पांढऱ्या अंगरख्यातली दोन माणसं. शेजारच्या खिडक्यांचे पडदे हलले. वाणीनं बेल वाजवली, आणि ती वाजते न वाजते तोच दार उघडलं.

हेमावती दारात उभी होती. नीट विंचरलेले केस, निळी इरकल. ती काहीतरी बोलायच्या बेतात होती, कारण तिचं तोंड अर्धवट उघडं होतं आणि चेहऱ्यावर हसू होतं. मग तिला पोलीस दिसली. मग पांढरी माणसं. मग त्यांच्या पलीकडे, रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला, छत्री धरून उभे असलेले श्रीधरराव. हसू गेलं.

तिला तपासायला वेळ लागला नाही. वाणी बाहेर आली आणि लांबूनच म्हणाली, ताप नाही, खोकला नाही, सगळं उत्तम आहे. रांगोळी का काढली नाही विचारलं, तर विसरले म्हणाल्या.

"त्यांच्याकडे कुणी येणार होतं का, सर?" तिनं विचारलं. "आत दोन लोटे कॉफी करून झाकून ठेवली आहे."

श्रीधररावांनी नाही म्हणून मान हलवली.  एकाएकी सगळं लख्ख दिसलं होतं. ती विसरली नव्हती. सकाळी उठून, ठरवून, तिनं आपलं दार मोकळं ठेवलं होतं. सुतकाच्या घरासारखं. नियम तिलाही पाठ होता, पण तो बाकीच्यांसाठी असेल, आपल्या दारात रांगोळी नाही असं दिसलं तर अण्णा आधी बेल वाजवतील, एवढा हिशोब तिनं केला होता. केस विंचरून, कॉफी झाकून ती दाराच्या आत बसली असणार. त्यांच्या चपलांचा आवाज फाटकाशी थांबलेला तिनं ऐकला असणार. आणि मग दूर जाताना ऐकला असणार.

सुनीलकुमारला फोन आधीच गेला होता. ठाण्याची तशी पद्धत होती आणि ती सभेत सगळ्यांनी मान्य केली होती. व्हाइटफील्डहून गर्दीतून तो पोचला तेव्हा दुपार झाली होती. गाडी त्यानं गल्लीत वाकडीच सोडली. घाबरून, घामाघूम होऊन आला होता बिचारा. आई धडधाकट उभी पाहून आधी तो खुर्चीवर बसला आणि डोळे पुसले. मग त्याची भीती दुसरीकडे वळली.

त्यानं श्रीधररावांना फाटकाशी बोलावून घेतलं आणि हात जोडले. तुम्ही होता म्हणून कळलं, म्हणाला. फ्लू नाही हे खरं, पण ही त्याहून वाईट खूण आहे. माझ्या जन्माच्या आधीपासून ही बाई रोज रांगोळी काढते. बाबांचं सुतक फिटलं त्या सकाळीसुद्धा सगळ्यांच्या आधी उठून काढली होती. ती जर हे विसरायला लागली, तर उद्या गॅस विसरेल, दार विसरेल. हिचं डोकं तपासून घ्यायला हवं. आता एकटी ठेवणं शक्य नाही.

"अंकल, मी बरोबर बोलतोय ना?" त्यानं विचारलं.

हेमावती आत ट्रंकेपाशी बसून साड्यांच्या घड्या घालत होती. दार उघडंच होतं. श्रीधररावांच्या जिभेवर शब्द आले होते. अरे, ती काहीएक विसरलेली नाही, तिचं डोकं तुझ्या-माझ्यापेक्षा शाबूत आहे. पण हे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला होता. मग रांगोळी का नाही काढली? आणि त्याचं उत्तर काय द्यायचं? तुझ्या आईनं एका परक्या पुरुषानं बेल वाजवावी म्हणून आपल्या दारात सुतक मांडलं, हे मुलाला सांगायचं? सुनीलकुमारच्या हातातल्या चालू फोनवर सून ऐकत होती, समोरच्या खिडक्या उघड्या होत्या. त्यांनी हेमावतीकडे पाहिलं. तिनं मान वर केली नाही. विसरले असं तिनंच सांगितलं होतं, म्हणजे तिला तेच सांगायचं असेल. श्रीधररावांनी तो लाल सिग्नल समजला.

"तू मुलगा आहेस, तुला योग्य वाटेल ते कर," ते म्हणाले.

एका ट्रंकेत आणि दोन पिशव्यांत सगळं मावलं. देव तिनं मांडीवर घेतले. सुनीलकुमार कुलूप लावायला गेला तेव्हा गाडीची काच खाली होती. श्रीधरराव जवळ गेले. कितीतरी दिवसांनी ते तिच्या इतके जवळ उभे होते.

"बेल वाजवाल असं वाटलं होतं, अण्णा," ती म्हणाली.

"अक्का, नियम..."

"सरी. तुमचाच नियम, मला माहीत नाही होय?" ती जराही रागावलेली नव्हती. तेच जास्त लागलं. "पण तो विचारत होता तेव्हा तरी बोलायचं होतं तुम्ही. मी आई, मला लाज. तुम्हाला कसली?"

सुनीलकुमार येऊन बसला. एसी लावायचा म्हणून त्यानं काच वर घेतली. गाडी गल्लीतून उलटी मागं घेताना बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ ते दोघं काचेच्या दोन बाजूंनी एकमेकांकडे पाहत होते. 

श्रीधररावांचा घसा संध्याकाळपर्यंत मोकळा झाला. काहीच नव्हतं त्यात.

व्हाइटफील्डच्या डॉक्टरनं हेमावतीला प्रश्न विचारले आणि स्मरणशक्ती उत्तम आहे असं सांगितलं. पण सुनीलकुमार म्हणाला, फ्लू सरेपर्यंत राहा. फ्लू ओसरला, तेव्हा दिवाळीपर्यंत राहा म्हणाला. हे तिनंच फोनवर सांगितलं. श्रीधररावांनी विचारलं, तिथं रांगोळी काढतेस का? ती म्हणाली, सूनबाई गौरीनं दाराबाहेर फरशीवर रांगोळीचं स्टिकर चिकटवलंय, पुसावंसुद्धा लागत नाही.  मग जेवण झालं का, झालं, असं होऊन फोन संपला. त्यांना माफी मागायची होती. पण फोनवर त्यांना कधी बोलता आलंच नव्हतं, ते आताच कुठून येणार?

साथ संपल्यावर वाणीनं देवळात पुन्हा सभा घेतली. या वेळी आजूबाजूच्या गल्ल्यांतली फेरी मारणारी माणसंही आली होती. पुढची साथ कधी येईल सांगता येत नाही, तयारी आतापासून पक्की हवी, असं ती म्हणाली आणि ज्यांच्या कल्पनेनं एवढं काम झालं त्यांनी दोन शब्द बोलावेत म्हणून तिनं श्रीधररावांना पुढं बोलावलं. टाळ्या पडल्या. ते उभे राहिले.

"नियम बदलायचा आहे," ते म्हणाले. "रांगोळी असली तरी बेल वाजवायची."

सभेत चुळबुळ झाली. कुणीतरी विचारलं, रांगोळी असली म्हणजे माणूस बरं आहे हे कळतंच, मग बेल कशाला?

"माणूस उठलं, वाकलं, एवढंच कळतं," श्रीधरराव म्हणाले. "बरं आहे हे नाही कळत. ते विचारावं लागतं."

एवढं बोलून ते खाली बसले. लोकांना वाटलं, म्हातारा दमला. वाणी मात्र त्यांच्याकडे पाहत राहिली. मास्क लावून फाटकाबाहेरूनच बेल वाजवायला हरकत नाही, आत जायचं नाही, एवढीच पुस्ती तिनं जोडली आणि पुढच्या विषयाकडे वळली.

दुसऱ्या दिवशी साथ नव्हती, फेरीची गरज नव्हती, तरी श्रीधरराव निघाले. पहिली बेल त्यांनी पद्मावतीबाईंची वाजवली. बाई पिठाचे हात घेऊन धावत बाहेर आल्या. काय झालं म्हणून विचारलं. काही झालं नव्हतं. मग त्यांनी पायाशी बोट दाखवलं, एवढी मोठी रांगोळी दिसली नाही का, म्हणाल्या.

"दिसली," श्रीधरराव म्हणाले. "तुम्ही कशा आहात?"

पद्मावतीबाईंनी त्यांच्याकडे जरा चमत्कारिक नजरेनं पाहिलं. बरी आहे, म्हणाल्या, आणि तव्यावर पोळी आहे म्हणून आत गेल्या. पुढच्या घरी कुणी आलंच नाही, आतूनच ठीक आहे असा आवाज आला. तिसऱ्या घरी नव्या भाडेकरू मुलीनं कानातलं यंत्र काढून डिलिव्हरी आहे का विचारलं. लोकांची बेलची सवय मोडली होती. ती मोडायला जेवढे दिवस लागले, त्याहून जास्त दिवस ती लागायला लागणार, हे श्रीधररावांना दिसत होतं.

असे ते घर घेत घेत कडुनिंबापाशी आले. फाटकाला कुलूप होतं. फरशीवर वाळलेला पाला आला होता. इथं विचारायचं काही कारण नव्हतं. श्रीधररावांनी मास्क सारखा केला, हात वर केला आणि बेल वाजवली. आत, बंद घरात, ती चांगली मोठ्यानं वाजली. त्यांनी ती पुन्हा वाजवली, आणि कुणीतरी यायला लागेल तेवढा वेळ ते तिथं उभे राहिले.